तिसऱ्या दिवसाचं पाणी

"पोरांनू, हात असे हवेत झटकू नका! माडाच्या मुळात धुवा. तुमचं जेवण झालं, त्याचं व्हायचंय अजून."

शरीफुन्निसाचाचीचा हा आवाज गणपतने ऐकला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. रत्नागिरीकडची खाडीकाठची वाडी, माडापोफळीची. चाची पडवीत उभी, हातात भाकरीची टोपली. अंगणात तिचा तौकीर आणि हा गणपत, दोघांचे हात मनगटापर्यंत कालवणाने माखलेले. गणपतची आई रंभा त्या वाडीत पातेरा गोळा करायला यायची. गळलेली पानं पदरात भरायची, माडांच्या आळ्यांत अंथरायची आणि वाकल्या वाकल्या गुणगुणायची:

*गळालं पान पान, गोळा करिते पदरात*
*माडाच्या पायी घाली, उन्हाळ्याच्या गं भरात*

चाचीची हाक आणि आईची ओवी गणपतच्या अंगात अशी मुरली होती, की ती आठवायची कधी वेळच आली नाही. श्वास कुणी आठवतं का?

पण १९९७च्या मे महिन्यात, बहरीनमध्ये, तुबलीच्या नर्सरीच्या शेडमध्ये भरदुपारी जेवताना चाचीची हाक एकदम कानात वाजली आणि गणपतच्या हातातला घास हातातच राहिला.

समोर बाळाजी हात धूत होता. शेडच्या कडेला उकिडवा बसून, डाव्या हाताने तांब्या वाकडा करून, उजव्या हातावर धार धरून. पाणी खाली वाफ्यात पडत होतं. मग त्याने खळखळून चूळ भरली, तीही वाफ्यात. डबा विसळला, तोही वाफ्यात. तो उठला आणि त्याच्या जागी दुसरा बसला. त्याच्यामागे तिसरा तांब्याची वाट बघत उभा.

"काय गणपतदा, भूत बघितलंस व्हय?" बाळाजी हात पुसत म्हणाला. हा साताऱ्याकडचा, ट्रक चालवणारा, तोंडाने मोकळा.

"किती जणं जेवतो रे आपण इथं?"

"अठरा. का? कुणाचा डबा गेला का काय?"

 गणपतने उरलेली भाकरी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

कारण तो वाफा साधा वाफा नव्हता. तो परीक्षेचा वाफा होता.

*

त्या परीक्षेची गोष्ट अशी.

जवळच्या सनद नावाच्या गावी फहाद या बहरीनी गृहस्थाची चाळीस बंगल्यांची वसाहत उभी राहत होती. फहाद अमेरिकेत शिकलेला. तिकडे झाडांखाली पाईनच्या वाळक्या सुयांची तपकिरी गादी अंथरलेली असते, माती झाकते, ओल धरते. तशीच त्याला इथे हवी होती. बंगल्यांत परदेशी भाडेकरू येणार, त्यांना आपलं गाव आठवलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. म्हणून नर्सरीने जहाजाने गासड्या मागवल्या.

पहिली गासडी फोडली तेव्हा गणपतने मूठभर सुया नाकाशी धरल्या. "हा तर पातेरा रे."

"पातेरा नको म्हणू," तौकीर हसला. "पाईन स्ट्रॉ म्हण. पातेरा म्हटलं की लोक झाडू शोधतात."

तौकीर नर्सरीच्या विक्रीचं काम बघायचा. टाय बांधायचा, चार भाषा बोलायचा, आणि गणपतला व्हिसा काढून इथे आणणाराही तोच. चारचौघांत गणपत त्याला तौकीरभाय म्हणे. दोघंच असले की नुसतं तौकीर. आणि तो याला गणप्या.

पण खऱ्या सुयांचं इथे जमेना. किडीच्या भीतीने निम्म्या गासड्या बंदरावरच अडकल्या. आलेल्या अंथराव्यात तर वारा उडवून न्यायचा आणि कुणाची विडी पडली तर भडकायची भीती. अशात शहरातल्या अदलिया भागात एका हॉटेलात तौकीरला एक विक्रेता भेटला. त्याने टेबलावर खोका उघडला. आत सुया होत्या, प्लास्टिकच्या. रंग तोच, लांबी तीच, वाळल्यावर येतो तो बाकसुद्धा तोच. कुजत नाहीत, उडत नाहीत, सहजी पेटत नाहीत, बंदरावर अडत नाहीत.

फहादने त्या बोटांत फिरवून बघितल्या आणि म्हणाला, "दिसायला छान. पण पाणी? उन्हाळ्यात दोन महिने माझी वसाहत रिकामी असते. पाण्याच्या नळ्यांना घड्याळ बसवलंय, तिसऱ्या दिवशी एकदा पाणी सुटेल. तेवढ्यावर झाडं जगली पाहिजेत. दोन वाफे कर. एकात खऱ्या सुया, एकात या. चाळीस दिवस. मग ठरवू."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वाफे झाले. प्रत्येकात सहा-सहा देशी बदामाची रोपं. इथले लोक या झाडाला लोज म्हणतात आणि जीव लावतात. मोजलेलं पाणी, तिसऱ्या दिवशी, सकाळी. घालायचं काम गणपतचं. नर्सरीतली सगळी बदामं त्यानेच बी रुजवून वाढवलेली. आणि प्लास्टिकचा वाफा मुद्दाम शेडला लागून केलेला, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला तो आधी दिसावा अशी तौकीरची इच्छा. त्याच शेडमध्ये दुपारी अठरा माणसं जेवायची.

तीन आठवड्यांत निकाल दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी खऱ्या सुयांच्या वाफ्यातली पानं थोडी मलूल व्हायची. प्लास्टिकच्या वाफ्यातली मात्र ताठ. हिरवीगार, तकतकीत, आत्ताच न्हाऊन आल्यासारखी.

न्हाऊनच यायची ती. रोज. फक्त ते कुणाला दिसलं नव्हतं.

*

कुणाला दिसणार? त्याला कुणी पाणी घालणं म्हणत नव्हतंच. पाणी घालायचं म्हणजे गणपतने सकाळी मापाने घालायचं. जेवून हात धुवायचे ते झाडाच्या मुळात, ही काय सांगायची गोष्ट? शेडमागच्या नळावर साबण होता, पण उन्हात तिकडे कोण जातो? अठरातले बहुतेक कोकणातले, चार घाटावरचे. कुणाच्या घरी कढीलिंबाला ताकाचं पाणी, कुणाच्या दारच्या केळीला भांड्यांचं. प्रत्येकाच्या लहानपणी कुणीतरी पडवीतून ओरडलेलं होतंच.

गणपत चार दिवस गप्प राहिला. कारण त्याच आठवड्यात तौकीरने त्याला गाडीत बसवून खाडीच्या कडेला नेलं होतं आणि इंजिन बंद करून सांगितलं होतं, "गणप्या, नर्सरीचा मालक बोलला. फहादने हे घेतलं, तर या मालाचं सगळं काम माझ्याकडे. मॅनेजर. आणि मॅनेजर म्हणजे फॅमिली व्हिसा."

आतिका तौकीरची बायको आणि इक्रा त्याची मुलगी. इक्रा नऊ वर्षांची. त्या नऊ वर्षांत बापलेक एका छपराखाली मिळून अकरा महिने राहिली होती. दर शुक्रवारी फोनवर ती एकच विचारायची, आम्ही तिकडे कधी यायचं, आणि तौकीर एकच उत्तर द्यायचा: इंशाल्ला.

"या शुक्रवारी मी इंशाल्ला म्हटलं नाय," तौकीर म्हणाला. "म्हटलं, बॅग भर."

हे ऐकलेल्या माणसाने काय बोलावं?

पण सनदला खड्डे खणून झाले होते. तीनशे चाळीस बदामं ट्रकमधून निघाली. बाळाजीच्या शेजारी बसून गणपत ती लावायला गेला. एकेक रोप पिशवीतून काढताना मुळांची माती हातात यायची, ओली, थंड. काठीला बांधताना पान गालाला लागायचं. ओळीच्या टोकाशी उभं राहून त्याने मागे बघितलं. तीनशे चाळीस, गुडघ्याएवढी, वाऱ्यात हलणारी. शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरांसारखी. आणि घड्याळ तिसऱ्या दिवशी वाजणार. इथे कोण हात धुणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्याने शेडच्या कडेला एक निळं पिंप आणून ठेवलं.

"आजपासून हात पिंपात धुवायचे."

"का वं? वाफ्याला सोवळं लागलं का?" बाळाजीने विचारलं.

"मच्छर होतात. साहेबांनी सांगितलंय."

"बहरीनच्या उन्हात मच्छर! त्यो मच्छर बघायला तिकीट लावा," बाळाजी म्हणाला, पण धुतले हात पिंपात. सगळ्यांनीच धुतले. संध्याकाळी गणपतने पिंपात काठी घालून बघितली. अर्ध्याच्या वर भरलं होतं. एका दिवसात. ते पाणी फेकून देववेना म्हणून त्याने फाटकापाशी उभ्या असलेल्या खजुराला घातलं.

पहिल्या दिवशी प्लास्टिकचा वाफा तसाच ताठ. दुसऱ्या दिवशी जरा गप्प. तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराला, सहाच्या सहा रोपांनी माना टाकल्या. गणपतने प्लास्टिकच्या सुयांवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. तव्यावरून उचलावा तसा. सुया बाजूला करून माती चिमटीत धरली. पीठ झालं होतं तिचं. शेजारी खऱ्या सुयांखाली अजून बोटभर ओल होती.

त्याने आणखी तीन दिवस वाट बघितली. एकदा चूक होऊ शकते, दोनदा नाही. सहाव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

आणि नेमका त्या दुपारी तौकीर शेडमध्ये आला.

*

"हे काय?" तौकीर वाफ्याजवळ उभा राहून म्हणाला. चष्मा काढला, परत घातला. "गणप्या, हे काय झालं? पाणी घातलं नाहीस?"

"घातलं. तिसऱ्या दिवशी. मापाने."

"मग?"

"मग हेच खरं."

शेडमध्ये दोघंच होते. पत्र्याला ऊन लागून तो मधूनच कडकड वाजत होता. गणपतने पिंपाकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. अठरा माणसं, तांब्या, चुळा, डबे. सांगताना त्याची मान खाली होती, जणू हात त्याच्या एकट्याचेच होते.

तौकीर ऐकत राहिला. मग हसला, पण ते हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. "हात धुतलेलं पाणी. ते काय पाणी झालं?"

"मी मोजलं. पिंप अर्धं भरतं. रोज."

"कुणी सांगितलं होतं तुला मोजायला?"

"कुणी नाय."

"मग का मोजलंस?" तौकीरचा आवाज चढला. "तुला झाडं सांभाळायला आणलं मी. माझी परीक्षा घ्यायला नाय आणलं!"

"झाडंच सांभाळतोय. सनदची तीनशे चाळीस. जुलैत तिथं माणूस नसणार. ऑगस्टात फहाद येईल आणि बघेल. तेव्हा काय सांगशील, तौकीर?"

"ऑगस्टाचं ऑगस्टात! तोवर आतिका आलेली असेल. इक्रा शाळेत जात असेल."

"आणि मग?"

तौकीर वळला. तो पिंपाजवळ गेला. आत बघितलं. तळाशी भाताची शितं बसली होती. त्याने पिंप दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत शेडच्या मागे नेऊन उपडं केलं. परत आला तेव्हा टाय खांद्यावर उडालेला, कपाळावर घाम.

"उद्यापासून सगळे होते तिथंच हात धुतील. फहाद यायला आठ दिवस आहेत. झाडं उठतील. उठतील ना?"

"उठतील."

"आणि तू फहादला काय बोलणार नायस. कुणालाच नाय."

गणपत वाफ्यातली एक सुई उचलून बोटांत फिरवू लागला.

"गणप्या, माझ्याकडे बघ. माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लीस. तिची आण हाय तुला."

असली आण कुणी कुणाला घालू नये. पण तौकीरने घातली, आणि शेडमधलं ऊन एकदम पांढरं झालं. गणपतला पडवी दिसली, टोपली दिसली. भाकरीवर उमटलेली चाचीची बोटं दिसली. त्याने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. तौकीरने ती होय धरली.

*

झाडं उठली. माणसांचे हात पुन्हा वाफ्यात धुतले जाऊ लागले आणि चौथ्या दिवशी पानं अशी वर आली, जणू मधे काही झालंच नव्हतं. तपकिरी कडा तौकीरने स्वतः छोट्या कात्रीने कापल्या.

गणपत मात्र जेवून उठला की उन्हात चालत मागच्या नळावर जायचा. साबण लावायचा. मोरीत हात धुवायचा. पाणी सिमेंटवरून भोकात जाताना बघायचा.

"गणपतदा सायब झाला," बाळाजी सगळ्यांना सांगे. "साबणानं हात धुतोय. उद्या काट्या-चमच्यानं भाकरी खाईल."

तौकीर आता त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा. तेही नजर चुकवून. एकदा फक्त, गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाला, "इक्राने बॅग भरली. आतिका सांगत होती, रोज उघडते आणि परत भरते."

गाडी गेली. गणपत खऱ्या सुयांच्या वाफ्यापाशी उभा होता. चाळीस दिवसांत त्या सुया दबून काळपट झाल्या होत्या, खालच्या तर मातीला चिकटल्या होत्या, मातीच व्हायला लागल्या होत्या. आईची दुसरी ओवी त्याला आठवली. ती म्हणताना आई नेहमी थांबायची आणि पदराने डोळे पुसायची, घामाचं निमित्त करून:

*झाडाचं पान जुनं, झाडाच्याच कामी येई*
*सासरी गेली लेक, माहेराला छाया देई*

प्लास्टिकचा त्याला राग नव्हता. बिचारं आपल्या जागी पडून होतं, सांगितलेलं काम करत. उडालं नाही, कुजलं नाही. त्याने कधी म्हटलंच नव्हतं की मी पाणी धरतो. म्हटलं होतं ते माणसांनी. आणि गणपत त्या माणसांतला एक होता.

*

फहाद बुधवारी आला. तेही भर बाराला. "सकाळी सगळीच झाडं चांगली दिसतात," गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला. "खरं बघायचं तर दुपारी बघावं."

तौकीरने सगळी तयारी केली होती. माणसांना मागच्या गोदामात जेवायला पाठवलं होतं. शेडमध्ये टेबल, दोन खुर्च्या, ताटलीत रसरशीत खजूर, गार पाण्याचे ग्लास आणि करारनाम्याचे कागद, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड. गणपतला मात्र थांबायला सांगितलं होतं. फहादनेच निरोप दिला होता, पाणी घालणारा माणूस मला हवा.

फहाद आधी खऱ्या सुयांच्या वाफ्याशी गेला. वाकला, पान उचललं. तिसरा दिवस होता. पानं मलूल होती. मग प्लास्टिकच्या वाफ्याशी आला. इथे रोपं ताठ. त्याने प्लास्टिकवर हात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"वरून," तौकीर लगेच म्हणाला. "वरून गरम, खालून गार. झाडंच सांगतायत ना."

फहादने सुया बाजूला करून बोट मातीत घातलं. बोटाला ओली माती लागली. त्याच्या भुवया वर गेल्या. "तिसऱ्या दिवशी एवढी ओल?"

"तेच तर याचं वैशिष्ट्य."

गणपतला ठाऊक होतं. काल दुपारची ओल ती. हात धुतलेल्या तांब्यांची.

फहाद उठला. गणपतसमोर आला. त्याचे डोळे शांत होते, फसवणूक न शोधणारे. त्यामुळेच त्यांच्याकडे बघणं अवघड झालं. आखाती हिंदीत त्याने विचारलं, "दोनो को सेम सेम पानी दिया?"

पत्रा कडकडला. तौकीर टेबलाजवळ खुर्चीची पाठ धरून उभा होता. तो गणपतकडे बघत नव्हता. खजुराच्या ताटलीकडे बघत होता.

होय म्हणावं तर सनदची तीनशे चाळीस. नाही म्हणावं तर चाचीची भाकरी.

"मैंने सेम दिया, साब," गणपत म्हणाला. "माप से."

शब्द खरे होते. प्रत्येक शब्द खरा. आणि आयुष्यात इतकं खोटं तो कधी बोलला नव्हता.  त्याने मान खाली घातली आणि आपल्या मातकट पायांकडे बघत राहिला.

"खलास, झालं काम," फहाद समाधानाने म्हणाला. "यल्ला, चला, कागद बघू."

तौकीरने मोठा श्वास सोडला. दोघं खुर्च्यांवर बसले. तौकीरने ताटली पुढे केली, फहादने एक खजूर घेतला, तौकीरनेही घेतला. फहाद एकेक पान उलटून वाचत होता. तीनशे चाळीस रोपं, प्लास्टिकचं आच्छादन, पाणी तिसऱ्या दिवशी. त्याने खिशातून पेन काढलं. तौकीर आता बोलत होता, भराभर, हसून, अरबीत आणि इंग्रजीत. माल कधी येईल, किती दिवसांत अंथरून होईल. बोलता बोलता त्याने खजुराची बी ताटलीच्या कडेला ठेवली. बोटं चिकट झाली होती. त्याने ग्लास उचलला, घोटभर पाणी प्याला.

आणि खुर्चीतूनच कडेला वाकून, बोलणं न थांबवता, न बघता, त्याने उरलेलं पाणी बोटांवरून वाफ्यात सोडलं.

धार प्लास्टिकच्या सुयांवर पडली, चर्र वाजली आणि सुयांमधून खाली बदामाच्या मुळाशी गेली. बोटं एकमेकांवर चोळली गेली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. शेवटी ग्लास उपडा करून त्याने तळाचे दोन थेंबही झाडाला दिले.

गणपतने ते बघितलं. आणि त्याला शपथेवर सांगता आलं असतं की त्या क्षणी पडवीतून कुणीतरी समाधानाने हुंकार भरला.

तौकीरचं बोलणं मधेच तुटलं.

तो तसाच वाकलेला राहिला. हातात उपडा ग्लास. बोटांच्या टोकांवर एकेक थेंब. तो आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू तो कुणी दुसऱ्याने त्याला लावून दिला आहे. मग त्याने मान वर केली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा गणपतच्या डोळ्यांत बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती. आठ वर्षांचा एक मुलगा होता, अंगणात उभा, कालवणाचे हात पुढे धरून.

फहादने काही बघितलं नव्हतं. तो शेवटच्या पानावर होता. पेनाचं टोपण काढून त्याने विचारलं, "इथे सही?"

गोदामाकडून बाळाजीच्या हसण्याचा आवाज आला. वाऱ्याने कागदाचा कोपरा उचलला.  तौकीरने ग्लास टेबलावर ठेवला, तो दुसऱ्या ग्लासावर आपटून किणकिणला. त्याने टायची गाठ सैल केली.  ओठ हलले, इक्रा म्हणाला की या अल्ला, ते गणपतला ऐकू आलं नाही.

पेन कागदाला टेकलं.

"फहादभाय," तौकीर म्हणाला आणि आपला ओला हात कागदावर ठेवला. शाई तिथेच पसरली. "थांबा. गणपतने पाणी सारखंच घातलं, तो खोटं बोलला नाय. त्याला मी गप्प केलंय. या वाफ्यात आमची अठरा माणसं रोज जेवून हात धुतात. रोज. म्हणून हा हिरवा हाय. तुमची झाडं यावर जगणार नाहीत. मला आठ दिवसांपासून माहीत होतं."

त्याने ओलं बोट वाफ्याकडे केलं.

"आणि आत्ता एकोणिसावा मी धुतला."